पडणारच आहे, मग दाढ भरायची कशाला?

पत्र : माझा मुलगा साडेसहा वर्षांचा आहे. त्याचे खालचे पुढचे दोन दुधाचे दात अजून पडलेले नाहीत, पण त्यांच्या मागून दोन नवे दात वर आलेत. दोन रांगा झाल्यात अक्षरशः. नवे दात पिवळट दिसतात आणि त्यांच्या कडाही दातेरी आहेत. हे दाखवायला डॉक्टरांकडे गेले, तर त्यांनी भलतीकडेच बोट ठेवलं. खालची उजवीकडची एक दाढ किडली आहे, ती भरावी लागेल, कीड खोल असेल तर नसेवर उपचार करावे लागतील, असं म्हणाले. कागदावर ‘८५’ लिहून दिलंय आणि त्याखाली ‘४६, सीलंट’. सासूबाई म्हणतात, दुधाची दाढ आहे, पडणारच आहे, पोराला कशाला त्रास? फार तर काढून टाका. यांचंही तेच मत. मला काही ठरवता येत नाहीये. आणि माणसाला दात बत्तीस, मग हा ८५ नंबर कुठला?
— एक आई

ताई, दाढ भरून घ्या. उत्तर आधीच देऊन टाकते, कारण तुमच्या पत्रातल्या शंकांपैकी चालढकल केली तर नुकसान होईल अशी हीच आहे. दोन रांगा आणि पिवळट रंग यांना सवड आहे, बहुतेक त्यांचं काही करावंही लागणार नाही.

त्या आकड्यांपासून सुरुवात करू, म्हणजे तुमच्या मुलाच्या तोंडात नेमकं काय चाललंय ते कळेल. दोन्ही अंक वेगवेगळे वाचायचे. पहिला अंक तोंडाचा कोपरा सांगतो आणि दुसरा सांगतो, मधल्या रेषेपासून मोजत गेलं तर कितवा दात. कायमच्या दातांसाठी चार कोपऱ्यांना १ ते ४ अंक दिलेत, दुधाच्या दातांसाठी ५ ते ८. म्हणजे ८५ हा काही पंचाऐंशीवा दात नाही. आठ म्हणजे खालचा उजवा कोपरा, दुधाचे दात. पाच म्हणजे मधून पाचवा, अर्थात दुधाची शेवटची दाढ. ४६ म्हणजे त्याच कोपऱ्यातला मधून सहावा, पण कायमचा दात. या दोघी एकमेकींना खेटून शेजारी उभ्या आहेत. दिसायलाही सारख्याच, कारण दुधाची दुसरी दाढ आणि कायमची पहिली दाढ यांची ठेवण जवळपास एकच असते. फरक एवढाच की त्यातली एक अकरा वर्षांच्या आसपास पडेल आणि दुसरी त्याला म्हातारपणापर्यंत पुरवायची आहे.

दुधाचे दात एकूण २०, म्हणजे प्रत्येक कोपऱ्यात पाच : दोन पटाशीचे, एक सुळा, दोन दाढा. कायमचे ३२, म्हणजे प्रत्येक कोपऱ्यात आठ : दोन पटाशीचे, एक सुळा, दोन उपदाढा, तीन दाढा. आता इथे एक गोष्ट आहे जी फार कमी पालकांना माहीत असते. दुधाच्या दाढांच्या जागी पुन्हा दाढा येत नाहीत, तिथे उपदाढा येतात. कायमच्या दाढा या सगळ्यांच्या मागे, जबडा वाढून तयार झालेल्या नव्या जागेत उगवतात. त्यांच्यासाठी आधीचा एकही दात पडत नाही. म्हणून सहाव्या वर्षी येणारी पहिली कायमची दाढ गुपचूप येते. पुढचा दात हलला की घरभर बातमी होते. ही दाढ मात्र कोणाच्या लक्षातही न येता उगवते आणि तिलाही सगळे दुधाचीच समजतात. सासूबाईंना उद्या ४६ किडलेली दिसली असती तरी त्या हेच म्हणाल्या असत्या, आणि तेव्हा नुकसान भरून निघणारं नसतं.

आता ८५ बद्दल. दुधाच्या दाताची बांधणीच अशी असते की कीड लागली की ती झपाट्यानं आत जाते. वरचं टणक आवरण, म्हणजे इनॅमल, दुधाच्या दातावर जेमतेम १ मिलिमीटर जाड असतं. कायमच्या दाढेवर ते २ ते २.५ मिलिमीटरपर्यंत असतं. त्याच्या आतला डेंटिनचा थरही दुधाच्या दातात पातळ. आणि नस ज्या पोकळीत असते ती पोकळी दाताच्या मानानं मोठी, तिची टोकं तर अगदी पृष्ठभागाजवळ आलेली. त्यामुळे बाहेरून तिळाएवढा काळा ठिपका दिसतो तेव्हा आत बरंच पोखरून झालेलं असू शकतं. त्यातून दुधाच्या दोन दाढा एकमेकींना चपट्या, रुंद बाजूंनी चिकटलेल्या असतात. त्या फटीत ब्रशचे केस शिरतच नाहीत. कीड तिथूनच सुरू होते आणि वरून बघणाऱ्याला दाढ धडधाकट वाटते. डॉक्टरांनी ‘भलतीकडे’ बोट ठेवलं असं तुम्ही म्हणता. माझ्या मते त्यांनी बरोबर जागी ठेवलं.

‘पडणारच आहे’ हे खरं आहे, पण कधी? ही दाढ साधारण दहा ते बारा वर्षांच्या दरम्यान पडते. तुमचा मुलगा साडेसहाचा. म्हणजे अजून चार-पाच वर्षं त्याला या दाढेनं चावायचं आहे. किडलेली दाढ एवढा काळ गप्प बसत नाही. ठणकते, रात्री झोपू देत नाही, मूल एकाच बाजूनं चावायला लागतं आणि हळूहळू खाणंच टाळायला लागतं. मुलं दुखणं नीट सांगत नाहीत, चिडचिड करतात, आणि आपण त्यांनाच रागावतो.

याहून महत्त्वाचं कारण या दाढेच्या खाली आहे. दुधाच्या दाढेची मुळं बारीक आणि बाहेर फाकलेली असतात. ती फाकलेली असतात कारण त्यांच्या मधोमध हाडात पुढच्या उपदाढेचा अंकुर वाढत असतो. तुमच्या मुलाच्या वयात त्या उपदाढेचा माथा, म्हणजे पुढे तोंडात दिसणारा भाग, जेमतेम पुरा होत आलेला असतो. दुधाच्या दाढेतली कीड नसेपर्यंत पोचली आणि पू झाला, तर तो पुष्कळदा मुळांच्या याच बेचक्यात साठतो, म्हणजे थेट त्या अंकुराच्या डोक्यावर. मग काही वर्षांनी येणारी उपदाढ कधी पांढरे-तपकिरी डाग घेऊन येते, कधी खड्डे पडलेलं, ठिसूळ इनॅमल घेऊन. प्रत्येक वेळी असं होतंच असं नाही, पण होतं तेव्हा ते कायमचं असतं.

‘फार तर काढून टाका’ यानं पुवाचा प्रश्न सुटतो, पण दुसरा उभा राहतो. रांगेत मधला माणूस निघून गेला की मागचे जसे पुढे सरकतात, तशी मागची ४६ पुढे कलते. तिला धरून ठेवणारं ८५ शिवाय कुणीच नाही. आणि ती ज्या जागेत घुसते ती उपदाढेची राखीव जागा असते. ही जागा किती मोलाची आहे ते आकड्यांत बघा. खालची दुधाची दुसरी दाढ साधारण १० मिलिमीटर रुंद असते, तिच्या जागी येणारी उपदाढ ७ मिलिमीटरच्या आसपास. हे जे दोन-तीन मिलिमीटर उरतात, त्यांतच पुढचे दाटीवाटीनं आलेले दात आणि मागची दाढ आपापल्या जागी बसतात. दाढ वेळेआधी काढली की ही सगळी शिल्लक जाते, वर उपदाढेला बाहेर यायला वाटही राहत नाही. ती हाडातच अडकते किंवा जिभेच्या बाजूनं वाकडी उगवते. मग बाराव्या-तेराव्या वर्षी तारा लावायची वेळ येते आणि तेव्हा कुणालाच आठवत नाही की याची सुरुवात सहाव्या वर्षी काढलेल्या दाढेपासून झाली.

दाढ वाचवण्याच्या पलीकडे गेली असेल तर काढावीच लागते. पू होऊन हाड झिजलं असेल, तर हट्ट धरू नका. पण मग ‘जागा राखण्यासाठी काय बसवणार?’ हे त्याच दिवशी विचारा. शेजारच्या दाढेला कडं आणि त्याला जोडलेली तार, असं साधं साधन असतं. ते केव्हा आणि कोणत्या प्रकारचं बसवायचं हे ४६ कितपत वर आली आहे त्यावर ठरतं. आणि हेही सांगते, मूल दहा-साडेदहा वर्षांचं असतं आणि दाढ हलायला लागली असती, तर मीही सासूबाईंच्याच बाजूनं बोलले असते. त्यांचा तर्क चुकीचा नाही, चार वर्षं लवकर आहे एवढंच. नवऱ्याला आणि सासूबाईंना हे असंच सांगा.

उपचारांची धास्ती घेऊ नका. कीड वरवर असेल तर भरून काम भागतं. नसेपर्यंत गेली असेल, पण मुळांतली नस निरोगी असेल, तर दाताच्या माथ्यातला नसेचा भाग तेवढा काढतात, औषध भरतात आणि वर तयार टोपी बसवतात. सगळं जागा बधिर करून होतं. मुळांपर्यंतची नस काढावी लागली तर दुधाच्या दाताच्या मुळांत भरायचं औषधही वेगळं असतं. मुळं जशी विरघळत जातात तसं तेही विरघळतं, म्हणजे उपदाढेची वाट अडत नाही. उपचार केलेली दाढही पुढे आपल्या वेळेला पडते.

मुळं विरघळतात म्हटलं, त्यावरून तुमच्या दोन रांगांकडे येते. दुधाच्या दातांना मुळं नसतात असं पुष्कळांना वाटतं, कारण पडलेला दात हातात घेतला की मूळ दिसतच नाही. पहिला दात पडेल तेव्हा तो पालथा करून नीट बघा. वर गुळगुळीत पांढरा माथा, आणि खाली लालसर, पोकळ खळगा, त्याची कड खडबडीत, कुरतडल्यासारखी. तिथे मूळ होतं, चांगलं लांब होतं. खालून नवा दात वर सरकायला लागला की शरीरातल्याच काही पेशी ते मूळ हळूहळू खाऊन टाकतात, आधार संपतो आणि दात गळून पडतो.

खालच्या पुढच्या दातांच्या बाबतीत मात्र थोडी गंमत होते. नव्या दातांचे अंकुर दुधाच्या दातांच्या जरा मागे, जिभेच्या बाजूला तयार होतात. वर येताना नवा दात जुन्याच्या मुळाला नीट भिडला नाही, तर मूळ पुरेसं झिजत नाही आणि जुना दात जागेवर असतानाच नवा मागून डोकावतो. हे इतकं सर्रास होतं की साडेसहाव्या वर्षी याची काळजी करू नये. जुने दात हलतात का ते बोटानं बघा. हलत असतील तर मुलालाच जिभेनं, स्वच्छ बोटानं हलवत राहू द्या. ते पडले की जिभेचा दाब नव्या दातांना पुढे ढकलतो आणि काही महिन्यांत ते बऱ्यापैकी रांगेत येतात. दोरा बांधून ओढू नका; मूळ शिल्लक असलेला दात ओढला तर हिरडी फाटते, रक्त येतं आणि मुलाच्या मनात भीती बसते. दोन-तीन महिने झाले, नवे दात निम्म्याहून वर आले आणि जुने तरीही हलत नसतील, तर डॉक्टरांकडून काढून घ्या.

रांगेत आले तरी ते थोडे वाकडे, दाटीचे दिसतील. खालचे चार नवे पटाशीचे दात त्यांच्या आधीच्या चार दुधाच्या दातांपेक्षा मिळून पाच-सहा मिलिमीटर जास्त रुंद असतात. म्हणून तर दुधाच्या दातांत फटी असणं चांगलं. ज्या मुलाच्या दुधाच्या दातांत अजिबात फट नसते, त्याच्या बाबतीत मी जास्त लक्ष ठेवायला सांगते.

रंगाचं म्हणाल, तर तुमच्या मुलाचे नवे दात घाणेरडे नाहीत. दुधाच्या दाताचं इनॅमल दुधट आणि अपारदर्शक असतं, म्हणून ते पांढरेशुभ्र दिसतात. कायमच्या दाताचं इनॅमल जास्त पारदर्शक असतं आणि त्याखालचं डेंटिन मुळातच पिवळसर आणि जाड. तो पिवळेपणा आतून झिरपतो. शेजारीच दुधाचे दात असल्यामुळे तो अधिकच डोळ्यांत भरतो; सगळे दात बदलले की तो जाणवत नाही. कृपा करून ते घासून पांढरे करायला जाऊ नका आणि दात उजळवणारी पेस्ट मुलाला देऊ नका. फक्त एक लक्षात ठेवा : एखाद्याच दातावर खडूसारखा पांढरा किंवा तपकिरी डाग असेल, किंवा नव्या दाढेचा तुकडा उडत असेल, तर तो नेहमीचा रंग नव्हे. ते दाखवा.

दातेरी कडा तर निरोगी नव्या दाताची खूणच आहे. पटाशीच्या दाताची कड तीन छोट्या उंचवट्यांनी बनते. वरचे-खालचे दात एकमेकांवर घासायला लागले की दोन-चार वर्षांत ते उंचवटे झिजून कड सरळ होते. दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या दातांवर ते अजून जसेच्या तसे असतील, तर वरचे-खालचे पुढचे दात एकमेकांना टेकत नाहीयेत असा त्याचा अर्थ असू शकतो. अंगठा चोखणाऱ्या मुलांत हे दिसतं.

आता ४६. डॉक्टरांनी सीलंट सुचवलं याचं मला बरं वाटलं. नव्या दाढेच्या माथ्यावर खोल, अरुंद खाचा असतात, ब्रशच्या केसापेक्षाही अरुंद. शिवाय नुकत्याच उगवलेल्या दाताचं इनॅमल पक्कं झालेलं नसतं; लाळेतली खनिजं शोषत ते तोंडात आल्यावरही काही काळ कठीण होत असतं. त्या पहिल्या दोन-तीन वर्षांत तिला कीड लागण्याचा धोका सर्वांत जास्त. सीलंट म्हणजे त्या खाचांवर बसवलेला पातळ लेप. टोचणं नाही, कोरणं नाही. कोरडं ठेवता येईल एवढी दाढ हिरडीतून वर आली की तो लावून घ्या, आणि बाकीच्या तीन कोपऱ्यांतल्या १६, २६ आणि ३६ जसजशा येतील तसतसा त्यांनाही.

घरी तिच्याकडे कसं लक्ष द्यायचं, तर आज रात्री मुलाला उजेडात बसवा आणि खालच्या मधल्या रेषेपासून बोटानं मोजत जा. एक, दोन पटाशीचे, तीन सुळा, चार, पाच दाढा. सहावं काही बोटाला लागलं तर ती कायमची. ती अर्धवट उगवलेली असताना शेजारच्या ८५ पेक्षा बुटकी असते, त्यामुळे ब्रश नेहमीसारखा पुढून मागे फिरवला की तिच्या वरूनच निघून जातो. ब्रश गालाच्या बाजूनं आडवा आत घाला आणि फक्त त्या एका दाढेवर चार वेळा फिरवा. हे काम तुम्ही करायचं. सात-आठ वर्षांपर्यंत मुलांच्या हाताला तेवढी सफाई नसते, ‘मी माझे घासतो’ म्हणाला तरी शेवटचा हात तुमचा. फ्लोराइड असलेली पेस्ट वाटाण्याएवढी, दिवसातून दोनदा, रात्रीचं घासणं तर चुकवायचंच नाही. घासून झाल्यावर थुंकायचं, पण पाण्यानं खळाखळा चुळा भरायच्या नाहीत. पेस्टमधलं फ्लोराइड दातांवर थोडं राहू द्यायचं.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी मुलाचं वय खेळण्या-धडपडण्याचं आहे म्हणून एक सांगून ठेवते. दुधाचा दात आपटून मुळासकट निघाला तर तो परत बसवायचा नाही, खालच्या अंकुराला इजा होते. कायमचा दात निघाला तर मात्र तो लगेच परत बसवायचा. माथ्याला धरून उचला, मुळाला हात लावू नका, घासू नका. मळला असेल तर क्षणभर धुवा आणि खोबणीत सरळ दाबून बसवा. जमत नसेल तर दुधात ठेवून तासाभराच्या आत डॉक्टर गाठा. जितकं लवकर तितकं चांगलं. शाळेतही हे कुणाला तरी सांगून ठेवा.

उपचार सुरू होण्यापूर्वी डॉक्टरांना ८५ चा एक्स-रे काढायला सांगा आणि तो तुम्हीही बघा. कीड नसेपासून किती लांब आहे ते त्यात दिसेलच. त्याशिवाय दाढेच्या मुळांमध्ये ४५ चा, म्हणजे येणाऱ्या उपदाढेचा अंकुर दिसतोय का, हेही विचारा. काही माणसांत खालची दुसरी उपदाढ जन्मतःच नसते. अशा वेळी दुधाची दाढ अकराव्या वर्षी पडेलच असं नसतं. नीट जपली तर ती मोठेपणीही कित्येक वर्षं काम देते. तुमच्या मुलात असं असण्याची शक्यता कमीच आहे, पण असलं तर ही दाढ भरायची की काढायची यावर घरात बोलायला काही उरणारच नाही.